बीड जिल्ह्यातील दूरचित्रवाणी

बीड जिल्ह्यातील दूरचित्रवाणी : महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांपासून झालेला दूरचित्रवाणीचा प्रसार, तिचे प्रक्षेपण व तिची स्थानिक निर्मिती यांचा इतिहास. या इतिहासाचे स्थूलमानाने तीन कालखंड पडतात : पहिला, शासकीय प्रक्षेपकांचा व आंबेजोगाई येथील उच्चशक्ती केंद्राचा, दुसरा, केबलचालकांनी शहरोशहरी चालविलेल्या स्थानिक वाहिन्यांचा आणि तिसरा, खाजगी उपग्रह वाहिन्या व भ्रमणध्वनी यांचा. पहिल्या कालखंडात जिल्ह्याला चित्र दिसू लागले, परंतु जिल्ह्याचे चित्र बाहेर गेले नाही. दुसऱ्या कालखंडात जिल्ह्याने स्वतःची चित्रे घेतली. मात्र ती जपून ठेवण्याची व्यवस्था कोणीच केली नाही. तिसऱ्या कालखंडात जिल्हा सर्व राज्याला दिसू लागला. पण त्याचे कोणते दर्शन घडवावयाचे, हे बाहेरच ठरू लागले. दूरचित्रवाणीचे ग्रहण आणि तिची निर्मिती या दोन निरनिराळ्या गोष्टी असून पहिलीच्या विस्ताराबरोबर दुसरी आपोआप येत नाही, याचे बीड जिल्हा हे एक बोलके उदाहरण होय.

पार्श्वभूमी : बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ होती. बालाघाट डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. उत्तरेस गोदावरीच्या खोऱ्यातील गेवराई व माजलगाव हा सखल प्रदेश आणि दक्षिणेस पाटोदा, केज, धारूर, आंबेजोगाई यांचा समावेश असलेला पठारी प्रदेश. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यामुळे जिल्ह्यातील सुशिक्षितांचे सांस्कृतिक लक्ष दीर्घकाळ हैदराबाद व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) या शहरांकडे लागलेले होते; मुंबई-पुण्याशी असलेला संबंध त्या मानाने नवा होता.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात झाला. देशातील दुसरे केंद्र मुंबई येथे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसावेत म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारण्यात आले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी करण्यात येऊन तिला ‘दूरदर्शन’ हे नाव मिळाले. मुंबई केंद्राने मराठी नाटक, संगीत, साहित्यविषयक चर्चा व शेतीविषयक मार्गदर्शन यांची चांगली परंपरा निर्माण केली. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठी असलेला कार्यक्रम तिच्यातलाच. परंतु सत्तरीच्या दशकात या परंपरेचा लाभ मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्यापुरताच मर्यादित राहिला. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याला अशा मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज होती, तो मराठवाड्यातील शेतकरी या प्रक्षेपणाच्या टप्प्याबाहेर होता. त्याला परभणी व औरंगाबाद येथील आकाशवाणी केंद्रांवरच अवलंबून राहावे लागे.

उपग्रह प्रयोग व मराठवाडा : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारतात उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग करण्यात आला. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे निवडण्यात आले होते. महाराष्ट्राचा या सहा राज्यांत समावेश नव्हता.

यातून एक लक्षणीय विसंगती निर्माण झाली. गुलबर्गा व बीड हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. पर्जन्यमान, कोरडवाहू शेती व दारिद्र्य यांबाबतही त्यांच्यात पुष्कळ साम्य होते. तरीही भाषावार प्रांतरचनेनंतर गुलबर्ग्याच्या खेड्यांत १९७५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली आणि प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये तेथे भूप्रक्षेपण केंद्रही आले. बीड जिल्हा मात्र प्रगत मानल्या गेलेल्या राज्यात असल्यामुळे मागे राहिला. राज्याच्या सरासरी प्रगतीवरून त्यातील प्रत्येक विभागाची निकड ठरविल्याचा हा परिणाम होता. पुढे इन्सॅट उपग्रहमालिकेच्या योजनेत महाराष्ट्राचा समावेश झाला. परंतु तेव्हाही ग्रामीण कार्यक्रमांसाठी नागपूर व त्याच्या आसपासचा विदर्भाचा भाग निवडण्यात आला.

अल्पशक्ती प्रक्षेपकांचा विस्तार : १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण यांस प्रारंभ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. इन्सॅट-१अ हा उपग्रह एप्रिल १९८२ मध्ये सोडण्यात आला होता. पण काही महिन्यांतच तो निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडण्यात आलेला इन्सॅट-१ब मात्र यशस्वी ठरला आणि देशव्यापी विस्ताराचा मार्ग मोकळा झाला. १९८४ च्या उत्तरार्धात तर जवळजवळ दररोज एक या गतीने देशात नवे प्रक्षेपक सुरू करण्यात आले.

यांतील बहुसंख्य प्रक्षेपक अल्पशक्तीचे, म्हणजे १०० वॉट क्षमतेचे होते. उपग्रहाकडून आलेला संदेश मोठ्या बशीसारख्या आकाशकाने, म्हणजेच अँटेनाने, ग्रहण करावयाचा आणि तो लहान मनोऱ्यावरून भोवतालच्या १५ ते २५ किमी. टापूत पुन्हा प्रक्षेपित करावयाचा, एवढेच त्यांचे कार्य असे. अशा केंद्रास कलागृह, कॅमेरा किंवा निवेदक लागत नसे. काही तंत्रज्ञ व विजेची सोय एवढ्यावर ते चाले. जिल्ह्याची ठिकाणे व मोठी शहरे यांना या योजनेचा लाभ मिळाला. खेडी मात्र बव्हंशी टप्प्याबाहेरच राहिली.

या व्यवस्थेचा एक परिणाम भाषिक होता. अल्पशक्ती प्रक्षेपक प्रारंभी दिल्लीचे कार्यक्रम सहक्षेपित करीत. मुंबईचे मराठी कार्यक्रम राज्यभर नेण्यासाठी स्वतंत्र उपग्रहमार्गाची गरज होती व ती सोय नंतर झाली. त्यामुळे मराठवाड्यातील प्रेक्षकाची दूरचित्रवाणीशी पहिली ओळख मराठीतून नव्हे, तर हिंदी व इंग्रजी भाषांतून झाली. निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा असल्याने जिल्ह्यातील जुन्या पिढीस हिंदी समजण्यास अडचण नव्हती. ७ जुलै १९८४ पासून सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका, तसेच चित्रपटगीतांचे कार्यक्रम येथे सहज रुजले, याचे हेही एक कारण होते. तथापि, शेतीविषयक व आरोग्यविषयक कार्यक्रम ज्यांच्यासाठी होते, त्या मराठी भाषक ग्रामीण स्त्री-पुरुषांना उत्तर भारतातील पिके, हंगाम व बोली यांचा उपयोग थोडाच होता.

आंबेजोगाईचे उच्चशक्ती केंद्र : विस्ताराच्या पुढील टप्प्यात मराठवाड्यासाठी उच्चशक्ती प्रक्षेपक उभारण्यात आले. औरंगाबाद परिसरासाठी खुलदाबादजवळील म्हैसमाळ येथील डोंगरमाथा निवडण्यात आला, तर दक्षिण मराठवाड्यासाठी बीड जिल्ह्यातील आंबेजोगाईची निवड झाली. आद्यकवी मुकुंदराज व संतकवी दासोपंत यांच्या समाधींमुळे आणि योगेश्वरीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव जिल्ह्याचे ठिकाण नाही. निजामी काळात मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी हैदराबादच्या फौजेची छावणी होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे त्याचे महत्त्व वाढले. प्रक्षेपणाच्या दृष्टीने मात्र त्याचे भौगोलिक स्थान निर्णायक होते.

दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या अतिउच्च कंप्रतेच्या तरंगांचा प्रवास जवळजवळ सरळ रेषेत होतो. पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिजापलीकडे ते क्षीण होत जातात व मध्ये डोंगर आल्यास त्यापलीकडील गावे छायेत सापडतात. म्हणून आकाशकाची उंची ही प्रक्षेपकाच्या शक्तीइतकीच महत्त्वाची ठरते. सपाट प्रदेशात १०० मी. उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सु. ४० किमी. पडते, घरावर उंच बसविलेल्या ग्राही आकाशकामुळे त्यात आणखी काही किमी. भर पडते. मनोरा पठाराच्या कडेशी असल्यास भोवतालच्या सखल भागाच्या संदर्भात पठाराची उंचीही हिशेबात येते. बालाघाटच्या पठारावरील आंबेजोगाईला हा लाभ होता.

हवाई अंतराने परळी तेथून सु. २० किमी., लातूर सु. ४० किमी., बीड सु. ७० किमी. व आष्टी सु. १३० किमी. आहे. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. हे केंद्र बीड जिल्ह्यात असले, तरी प्रक्षेपणाचे वर्तुळ जिल्ह्याच्या सीमा पाळीत नव्हते. लातूर, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) व परभणी या जिल्ह्यांच्या लगतच्या भागांना आंबेजोगाईचा मनोरा जवळचा होता. खुद्द बीड शहर त्याच्या कडेवर होते आणि पश्चिमेकडील आष्टी तालुका तर त्याच्या आवाक्याबाहेरच होता. आष्टी-पाटोद्याकडील लोकांचे व्यापार, शिक्षण व दवाखाना यांसाठी जसे अहमदनगरकडे (२०२४ पासून अहिल्यानगर) जाणे-येणे असे, तसेच त्यांच्या छपरांवरील आकाशकाचे तोंडही पश्चिमेकडे वळलेले असे. घराच्या छपरावर लोखंडी नळाला बांधलेला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा आकाशक, तो वाऱ्याने फिरला की चित्रावर पडणाऱ्या ‘मुंग्या’ आणि एकाने वर चढून तो वळवावा व दुसऱ्याने खालून ओरडून चित्र स्वच्छ झाल्याचे सांगावे, ही त्या काळातील सर्वपरिचित गोष्ट होती.

समाजजीवनावरील परिणाम : दूरचित्रवाणी संचासाठी लागणारा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला व कृष्णधवल संच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. शिक्षक, शासकीय कर्मचारी, वैद्य-वकील, व्यापारी व बागायतदार यांच्या घरी ते प्रथम दिसू लागले. खेड्यात एखाद्याच घरी संच असे आणि ओसरीवर वा अंगणात सारी आळी जमे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी प्रक्षेपित होणारी ‘रामायण’ ही मालिका व २ ऑक्टोबर १९८८ पासूनचे ‘महाभारत’ यांनी या सामुदायिक प्रेक्षणास विलक्षण व्यापक स्वरूप दिले. कीर्तन, भारूड व पोथीवाचन यांच्या द्वारे जी कथा पिढ्यान्‌पिढ्या स्थानिक बोलीत ऐकली जात होती, तिला आता देशभर एकच रूप, एकच भाषा व एकच वेळ प्राप्त झाली. सामुदायिक प्रेक्षणात जातिभेदाच्या मर्यादा काही अंशी शिथिल झाल्या, तरी कोणी खुर्चीवर बसावयाचे व कोणी उंबऱ्याबाहेरून पाहावयाचे, हे बहुधा पूर्वीच्याच रीतीने ठरत असे.

दोन घटकांनी या प्रसाराला सतत मर्यादा घातल्या. पहिला विजेचा. परळी येथे औष्णिक वीज केंद्र असूनही जिल्ह्यातील खेड्यांना भारनियमन सोसावे लागे. दुसरा घटक ऊसतोडणीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराचा. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लक्षावधी स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक यांतील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. वर्षातील सु. सहा महिने पालाच्या कोपीत राहणाऱ्या या वर्गापर्यंत घरातील संचाची दूरचित्रवाणी फारशी पोहोचलीच नाही. त्याची चित्रमाध्यमाशी खरी ओळख पुढे भ्रमणध्वनीमुळेच झाली.

निर्मितीचा प्रश्न : आंबेजोगाईचे केंद्र हे प्रक्षेपण केंद्र होते, निर्मितीकेंद्र नव्हते. तेथील तंत्रज्ञ दिल्ली व मुंबईहून आलेला संदेश शुद्ध स्वरूपात पुढे पाठविण्याची जबाबदारी पार पाडीत. कार्यक्रम तयार करणे हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. राज्यात निर्मितीची साधने मुंबईत आणि नंतर नागपूर व पुणे येथे उपलब्ध झाली. १९९४ मध्ये दूरदर्शनची स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली व तीच पुढे ‘सह्याद्री’ या नावाने लोकप्रिय ठरली. तिच्यामुळे भाषेचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला. प्रदेशाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. आंबेजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन (१९४९–२००६) १९९८–९९ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. परंतु प्रक्षेपकांचे जाळे व केंद्रित निर्मिती हा दूरदर्शनचा सर्व देशभरचा साचा तोवर पक्का झाला होता.

दुसऱ्या प्रकारची दूरचित्रवाणी शक्य आहे, हे गुजरातमधील खेडा जिल्ह्याने दाखवून दिले होते. तेथील पिज या गावी १९७५ मध्ये एक लहान प्रक्षेपक उभारण्यात आला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राने खेड्यापाड्यांत जाऊन तेथील लोकांच्या सहभागाने व बोलीत मजुरी, अस्पृश्यता, दूधसंस्था, आरोग्य इ. विषयांवर कार्यक्रम तयार केले. या उपक्रमास १९८४ मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनविषयक पुरस्कारही मिळाला. प्रक्षेपक लहान असल्याने त्याचा प्रेक्षक निश्चित होता व म्हणूनच कार्यक्रम नेमके करता येत होते. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्रित स्वरूपावर टीका करून प्रक्षेपणयंत्रणेच्या विस्ताराइतकेच महत्त्व प्रादेशिक कार्यक्रमनिर्मितीस द्यावे, असा आग्रह धरला होता. या शिफारशींचा प्रत्यक्ष धोरणावर मर्यादितच परिणाम झाला.

आकाशवाणीशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. बीड येथे आकाशवाणीचे स्थानिक केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याबरोबर कलागृहही आले. परिणामी स्थानिक गायक, शेतकरी, शिक्षक व वैद्य यांचे आवाज जिल्ह्याला ऐकू येऊ लागले. ध्वनीच्या क्षेत्रात जे साध्य झाले, ते चित्राच्या क्षेत्रात शासकीय यंत्रणेकडून साध्य झाले नाही. चित्रनिर्मितीचा खर्च ध्वनिमुद्रणाच्या कित्येक पट असतो, हे त्याचे उघड कारण. परंतु जिल्हा हा निर्मितीचा घटक मानावा अशी कल्पनाच दूरचित्रवाणीच्या नियोजनात नव्हती, हे अधिक मूलभूत कारण होय.

केबल व स्थानिक वाहिन्या : ही उणीव अनपेक्षित मार्गाने अंशतः भरून निघाली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी भारतातील मोठ्या शहरांत उपग्रह वाहिन्या दिसू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘झी’ ही हिंदी वाहिनी सुरू झाली व केबलचा प्रसार तालुक्याच्या गावापर्यंत वेगाने झाला. पूर्वी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारे किंवा संचदुरुस्ती करणारे तरुण केबलचालक बनले. विजेच्या खांबांवरून व घरांच्या गच्च्यांवरून तार ओढून ते दरमहा वर्गणीवर जोडण्या देत.

केबलचालकाच्या नियंत्रणकक्षात, म्हणजे बहुधा एखाद्या दुकानामागील खोलीत, एक मार्गिका स्वतःच्या उपयोगासाठी राखून ठेवलेली असे. प्रारंभी तिच्यावर चित्रपट दाखविले जात. लवकरच तिच्यावर गावातील घडामोडी येऊ लागल्या : गणेशोत्सवाची विसर्जन मिरवणूक, शाळांची स्नेहसंमेलने, उरूस, यात्रा, नगरपालिकेच्या निवडणुकीतील सभा, पाणी सुटण्याच्या वेळा, शिकवणीवर्ग व कापडदुकाने यांच्या जाहिराती, निधनवार्ता. लग्नसमारंभाचे चित्रण करणारा छायाचित्रकारच येथे वार्ताचित्रण करी आणि गावातील वृत्तपत्राचा बातमीदार निवेदन करी. तांत्रिक गुणवत्ता सामान्य व भाषा अनघड असली, तरी प्रेक्षकाला पडद्यावर आपली गल्ली, आपला मोंढा व आपली माणसे प्रथमच दिसली. या अर्थाने जिल्ह्यातील पहिले खरेखुरे स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र हे शासकीय मनोऱ्याखाली नव्हे, तर केबलचालकाच्या खोलीत जन्मास आले.

या वाहिन्यांना कायद्याची चौकट १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने मिळाली. त्यानुसार केबलचालकास टपाल कार्यालयात नोंदणी करणे आणि कार्यक्रम व जाहिराती यांविषयीच्या संहिता पाळणे बंधनकारक झाले. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व पोलीस आयुक्त यांना प्राधिकृत अधिकारी म्हणून कारवाईचे अधिकार देण्यात आले. त्याच वर्षी ९ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणतरंग ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा महत्त्वपूर्ण निर्णय दिला होता. तथापि, मनोऱ्यावरून केले जाणारे दूरचित्रवाणीचे भूप्रक्षेपण खाजगी वा सामुदायिक संस्थांना कधीच खुले झाले नाही. त्यामुळे स्थानिक दूरचित्रवाणी तारेपुरती, म्हणजेच शहरापुरती राहिली. अर्थकारणही तिच्या स्वातंत्र्यास प्रतिकूल होते. वर्गणी व किरकोळ जाहिराती यांवर चालणारी वाहिनी निवडणुकीच्या काळातील जाहिरातींवर अवलंबून असे. साहजिकच नगरपालिका, सहकारी बँक वा साखर कारखाना यांच्या कारभाराची चिकित्सा करणे तिला अवघड जाई.

खाजगी मराठी वाहिन्या : १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ व २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ या वाहिन्या सुरू झाल्या. यांपैकी दुसरीचे मुख्यालय हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटीत होते. मराठवाड्याचे हैदराबादशी असलेले जुने नाते अशा रीतीने वेगळ्या स्वरूपात पुन्हा प्रकट झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतून वार्ताहर नेमून त्यांची चित्रे बातमीपत्रात घेण्याची पद्धतही तिच्यामुळे रूढ झाली. २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या. बीड जिल्हा आता राज्यभर दिसू लागला. पण तो मुख्यतः संकटांच्या निमित्ताने. २०१२-१३ व २०१५-१६ मधील दुष्काळ, कोरडे तलाव, चारा छावण्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, तसेच २०११ च्या जनगणनेत दर हजार मुलग्यांमागे ८०७ पर्यंत घसरलेले शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण, हे या दर्शनाचे विषय होते. हे विषय महत्त्वाचे होते व त्यांकडे शासनाचे लक्ष वेधण्याचे श्रेय या वाहिन्यांना द्यावयास हवे. परंतु पाऊस पडला, की कॅमेरे परत जात. दुष्काळानंतरची शेती, ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण किंवा आंबेजोगाईची वाङ्मयीन परंपरा यांना त्या वेळापत्रकात फारसे स्थान नव्हते.

भूप्रक्षेपणाची समाप्ती : डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची घरगुती उपग्रहसेवा सुरू झाली. लहान तबकडी बसविली, की मासिक शुल्काशिवाय अनेक वाहिन्या दिसू लागल्या. या सेवेला डोंगराची छाया किंवा मनोऱ्यापासूनचे अंतर यांची अडचण नव्हती. आष्टीपासून परळीपर्यंत सर्व जिल्हा प्रथमच एका समान प्रक्षेपणाखाली आला. नंतर केबलच्या सांख्यिकीकरणाचे टप्पे पार पडले. दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ पर्यंत, औरंगाबादसारखी शहरे आणि त्यापुढील टप्प्यांत लहान शहरे व ग्रामीण भाग यांचा समावेश झाला. महागडी सामग्री घेणे न परवडल्याने अनेक लहान केबलचालक मोठ्या कंपन्यांचे केवळ जोडणीदार बनले व त्यांच्याबरोबर कित्येक स्थानिक वाहिन्याही मागे पडल्या. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेल्या स्थानिक वाहिन्यांस केंद्र शासनाकडील नोंदणी आवश्यक केली.

जुन्या पद्धतीच्या भूप्रक्षेपणाचे प्रेक्षक झपाट्याने घटल्यामुळे प्रसार भारतीने सीमावर्ती व सामरिक महत्त्वाची सु. ५० ठिकाणे वगळता देशातील असे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. हे काम २०२२ च्या प्रारंभापर्यंत जवळजवळ पूर्ण झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सांख्यिक भूप्रक्षेपण सुरू झालेल्या १६ शहरांत मराठवाड्यातून औरंगाबादचा समावेश होता, आंबेजोगाईचा नव्हता. त्यामुळे आंबेजोगाईचे प्रक्षेपणही या समाप्तीत इतिहासजमा झाले. उपग्रह व तबकडी यांनी मनोऱ्याचे कार्य पूर्णपणे आपल्याकडे घेतले होते. म्हणून सर्वसामान्य प्रेक्षकाचे काही अडले नाही. केंद्र जर निर्मितीकेंद्र असते, तर त्याच्या बंद होण्याने जिल्ह्याचे काही हरवले असते.

जतनाचा प्रश्न : २०१६ नंतर स्वस्त झालेल्या आंतरजालामुळे केबलवरील स्थानिक बातमीदारांनी भ्रमणध्वनीवर पाहावयाच्या वाहिन्या सुरू केल्या. तारेची मर्यादा गेल्याने ऊसाच्या फडात असलेल्या कामगारालाही आपल्या गावची ग्रामसभा वा जत्रा पाहता येऊ लागली. चित्रनिर्मितीची साधने अशा प्रकारे जवळजवळ प्रत्येकाच्या हाती आली. मात्र निर्माण झालेल्या चित्रांच्या जतनाची स्थिती पूर्वीसारखीच राहिली.

याबाबत मुद्रित व चित्रित साधनांतील तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार व त्यातील १९५६ च्या दुरुस्तीनुसार देशात प्रसिद्ध होणारे ग्रंथ व वृत्तपत्रे ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांत पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. त्यामुळे बीडहून निघणाऱ्या ‘झुंजार नेता’ किंवा ‘चंपावतीपत्र’ यांसारख्या दैनिकांच्या अंकांना कायद्याने संग्रहात स्थान आहे. चित्रफितींना असे स्थान नाही. १९९५ च्या अधिनियमाने केबलचालकास प्रक्षेपित कार्यक्रमांची नोंदवही ठेवण्यास सांगितले. परंतु तीही प्रक्षेपणानंतर एक वर्षच सांभाळावयाची होती आणि कार्यक्रम जपून ठेवण्याचे बंधन तर मुळीच नव्हते. कॅसेटी महाग असल्याने एकाच फितीवर पुनःपुन्हा चित्रण करण्याची पद्धत सर्वत्र होती. गेल्या आठवड्याची सभा पुसून या आठवड्याची जत्रा तिच्यावर येई. उरलेल्या फितींचा चुंबकीय थर दमटपणा, उष्णता व धूळ यांमुळे खराब होतो, तसेच त्या लावून पाहण्याची यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत.

नव्वदीच्या दशकातील बाजारपेठा, बोली, पोशाख, नगरपालिकांच्या सभा, नंतरच्या काळात पडलेले वाडे व वेशी यांचे चित्रण प्रामुख्याने याच फितींवर झाले होते. दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे एका लांबच लांब कापडी पटावर, लिहिलेला मजकूर आंबेजोगाईत शतकानुशतके सांभाळला गेला. कारण तो वारसा आहे, याची जाणीव ते सांभाळणाऱ्यांना होती. केबलच्या फितींबाबत ती जाणीव अद्याप निर्माण व्हावयाची आहे. जुने केबलचालक व छायाचित्रकार यांच्याकडे शिल्लक असलेल्या फिती गोळा करणे, त्यांच्या सांख्यिक प्रती तयार करणे व स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या नोंदींसह त्या एखाद्या महाविद्यालयाच्या वा जिल्हा ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवणे, हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. फितींचे आयुष्य मर्यादित असल्याने त्यास उपलब्ध असलेला अवधी मात्र थोडा आहे.